पुढच्याचा प्लग

हे लिहायला घेतले याबद्दल आधीच क्षमा मागते. आजवर मी लिहिले ते प्रयोगशाळेच्या नोंदवहीत: नमुन्याचा क्रमांक, वेळ, निष्कर्ष, खाली सही. त्या वहीत ‘मला वाटते’ असे लिहिण्याची मुभा नव्हती आणि ती नसणे माझ्यासारख्या भिडस्त बाईला फार सोयीचे होते. साठी ओलांडल्यावर वाचकांचा वेळ घ्यायचा अधिकार मला कोणी दिला, असे कोणी विचारले तर मी गप्प बसेन. तरी लिहिते आहे, कारण एक गोष्ट मी तोंडी सांगून पाहिली आणि ती कोणी मानली नाही.

कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात तपासणी विभागात माझी सारी नोकरी झाली. निवृत्तीनंतर शिफ्ट संपल्या. शरीराला मात्र ते कळले नाही. कधी पहाटेच जाग येई आणि डबा भरायला हात पुढे होई, कधी भर दुपारी वाटे की कुठेतरी यंत्र चालू राहिले आहे आणि त्यावरचा आकडा कोणी बघत नाही. घरात बसवेना. उठायचे, अंगणात जायचे, परत यायचे. आमच्या गावापाशी भीमा नदीसारखी राहतच नाही, धरणाच्या फुगवट्याने तिचे पाणी पसरून पार पलीकडच्या टेकाडांना लागते. त्या पाण्यावर तरी स्थिर बसता येईल, या आशेने मी दोन माणसांची एक जुनी फायबरची बोट विकत घेतली, बॅटरीच्या मोटरीवर चालणारी. पहिले काही दिवस मी ती नुसती पुसत असे. घाटावर मासळी विकणाऱ्या मावशींनी एकदा सगळ्यांसमोर विचारले, “बाई, बोट पान्यात घालायला घेतलीया का पूजेला?” मी हसले आणि त्या दिवशीही बोट पाण्यात घातली नाही.

ग्रामपंचायतीने घाटावर बोटींसाठी विजेचा एक खांब बसवला आहे. कमरेएवढा, पांढरा. त्याला दोन सॉकेट आहेत; त्यांतले एक पहिल्याच पावसाळ्यात गेले, त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली असते. खांबावर काळी पट्टी आहे. आधी पैसे भरलेले कार्ड त्या पट्टीला टेकवायचे, सॉकेटचा आकडा दाबायचा, मग वीज सुरू होते. प्लग काढला की बंद. शिल्लक कार्डात राहते. डोक्यावर हिरवा दिवा आहे, तो खांब जिवंत असल्याची खूण. सॉकेटमधून खरोखर वीज जाते आहे का, हे सांगणारा निळा ठिपका सॉकेटशेजारी आहे आणि तो उन्हात दिसत नाही.

“आमच्या सोसायटीच्या चेअरमनपेक्षा कडक हाय ह्यो,” अप्पा म्हणत. “आधी कार्ड दाव म्हनतो, मग तोंड उघडतो.”

अप्पांची बोट माझ्या बोटीला लागून असे. सत्तरी गाठलेले, शेवंतीची शेती करणारे, बोलण्यात मिस्कील. बोटीतून फुलांचे क्रेट पलीकडच्या काठाला नेले की तिथून मार्केटचा टेम्पो मिळतो. रस्त्याने गेले तर पूल गाठून मोठा वळसा पडतो. मला वल्हे धरायला त्यांनीच शिकवले. शिकवताना ते कधी ओरडले नाहीत, फक्त म्हणत, “बाई, पान्याला मारू नगा, त्येनं काय केलंय तुमचं?”

बोटी पाच आणि चालू सॉकेट एक. त्यामुळे पाळी लावावी लागली. कोणी कागद केला नाही, बैठक घेतली नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी इथल्या प्रत्येकाच्या अंगात मुरलेली आहे, तीच खांबाला लागू झाली. शेवटाकडच्या बोटीने सुरुवात करायची आणि वरच्या अंगाला सरकत जायचे. आपली पाळी जवळ आली की आपली वायर आणून खांबापाशी गुंडाळून ठेवायची.

माझे माहेर शिरूर तालुक्यातले, घोड नदीच्या कालव्यावरचे. वडील शेताला पाणी द्यायला, दारे धरायला जात तेव्हा लहानपणी मी मागे मागे जाई. आमचे भिजणे संपले की वडील आमच्या वावराचे दार मातीने बुजवत आणि पुढच्याच्या वावराचे दार स्वतः मोडून देत. त्याला हाक मारायला जात नसत. पाणी थांबत नाही, माणूस येईपर्यंत ते वाया जाईल, म्हणून आपणच मोडून द्यायचे. पुढचा येई तेव्हा त्याचे अर्धे वावर भिजलेले असे आणि आभारही कोणी मानत नसे, इतके ते साधे होते.

आता त्या दिवसाकडे येते.

माझी पाळी चारला संपली. पुढची अप्पांची. त्यांची वायर दुपारपासून खांबापाशी गुंडाळून ठेवलेली होती, ते स्वतः मळ्यात होते. मी माझा प्लग काढला, त्यांची वायर सोडली आणि त्यांचा प्लग सॉकेटमध्ये बसवला. हिरवा दिवा लागलेला होता. समाधानाने घरी आले. रिकाम्या सॉकेटला रिकामे ठेवून जाणे मला जमलेच नसते.

कार्ड टेकवले नाही; अप्पांचे नव्हते तरी माझे टेकवता आले असते. टेकवायला हवे हे मला ठाऊक नव्हते असे नाही. माझे स्वतःचे कार्ड मी त्याच दुपारी टेकवले होते. पण पुढच्याचे दार मोडताना हाताला फक्त पाणी आठवले. चार्जरचा दिवा बघून खात्री करता आली असती. तो अप्पांच्या बोटीत ताडपत्रीखाली होता आणि दुसऱ्याची ताडपत्री उचलणे मला अप्रशस्त वाटले. फोन करता आला असता. एवढ्याशा कामासाठी फोन कसा करायचा, म्हणून केला नाही. एका आकड्यासाठी यंत्र तीनदा तपासणारी मी, भिडेपोटी एक ताडपत्री उचलू शकले नाही.

संध्याकाळी अप्पा आले. प्लग सॉकेटमध्ये, डोक्यावर हिरवा दिवा. ते परत गेले. सकाळी सून आणि शेवंतीचे क्रेट घेऊन निघाले. बॅटरीत उरलेल्या चार्जवर बोट नीट सुरू झाली आणि मध्यावर थांबली. वारा होता, वल्ह्याने भागेना. बोट वाहत जाऊन पाण्याखालच्या जुन्या बाभळींत अडकली. दोघांनाही इजा झाली नाही. मासळीवाल्या मावशींच्या नवऱ्याने होडी नेऊन त्यांना ओढून आणले तोवर दुपार झाली होती, टेम्पो गेला होता आणि सुनेच्या अंगाचा थरकाप थांबत नव्हता.

घाटावर मी होते. बोलणार होते. पण माझ्याआधी अप्पाच बोलले. डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगाळत म्हणाले, “प्लग लावला आन् कार्ड टेकवायचं इसरलो. डोकं कामातनं गेलं माझं.”

त्यांचा मुलगा म्हणाला, “बास झालं अप्पा. आता बोट इकायची.”

मी घरी आले आणि त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी नुसती फिरत राहिले. ओट्यापासून फाटकापर्यंत, फाटकापासून ओट्यापर्यंत. वाक्ये जुळवत होते. चौथ्या दिवशी अप्पा घाटावर एकटे बसलेले दिसले. मी दोनदा त्यांच्यासमोरून पुढे गेले, तिसऱ्यांदा थांबले.

“अप्पा, त्या दिवशी तुमचा प्लग मी लावला होता.”

“कवा?”

“चारला. माझी पाळी संपल्यावर. कार्डाचे माझ्या लक्षात आले नाही. तुम्ही काहीच विसरला नाहीत.”

ते हसले; हरल्यावर माणूस हसतो तसे. “बाई, तुम्ही लई भल्या. पन म्हाताऱ्याला असं गोंजारू नगा. म्याच लावला प्लग. सांजच्याला आलतो तवा. वाकलो तर गुडघ्यात कळ आली, ते बी ध्यानात हाय.”

त्यांना आता ते आठवत होते. जे घडलेच नाही ते, गुडघ्यातल्या कळेसकट.

म्हणून मी त्यांच्या मुलाकडे गेले. तो कुरकुंभलाच दुसऱ्या कारखान्यात आहे, पूर्वी आमच्याकडे पॅकिंगला होता. शिफ्ट सुटून आला तेव्हा मी त्याच्या दारात उभी होते. सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून फोन काढला; ग्रामपंचायतीतून खांबाच्या नोंदी मागवून घेतल्या होत्या.

“हे बघा मॅडम. तुमचं कार्ड चारला बंद. त्यानंतर सकाळपर्यंत कुणाचंच कार्ड टेकलेलं न्हाई.”

“तेच तर. कारण मी कार्ड न टेकवता...”

“मॅडम, एका आकड्यासाठी तुम्ही आमचा अख्खा माल परत पाठवायच्या. शिव्या घालायचो आम्ही तुम्हाला, आता सांगतो. तुम्ही कार्ड टेकवल्याबिगर प्लग लावाल? कुणाला सांगताय?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुमचं मन मोठं हाय. पन आज बोट हाय, उद्या गॅस चालू ठेवतील. घरात लेकरं हायत.”

आतल्या खोलीतून भांड्याचा आवाज आला आणि थांबला. अप्पा ऐकत होते.

मासळीवाल्या मावशींनाही सांगितले. त्या खवले काढता काढता म्हणाल्या, “आवो, त्या पोराला पटायचं न्हाई. फोनात दिसतंय ते खरं, बाकीचं गप्पा.” त्यांना स्वतःला पटले का, ते त्यांनी सांगितले नाही.

नोंदीत फक्त कार्ड येते. पुढच्याचा प्लग कोणी लावून दिला, याला नोंदीत रकाना नाही. माझी सगळी हयात ज्या नोंदींवर विश्वास ठेवण्यात गेली, त्याच आता माझ्याविरुद्ध, खरे तर अप्पांविरुद्ध, साक्ष देत आहेत.

तेव्हापासून अप्पा बदलले आहेत. मळ्यातून अर्ध्या वाटेने परत येऊन विहिरीची मोटर बंद केली का ते पाहतात. परवा घाटावर त्यांनी मला तासाभरात तीनदा विचारले, “बाई, मी चप्पल घालून आलतो ना?” चप्पल त्यांच्या पायात होती. पूर्वी हे त्यांनी थट्टेने विचारले असते.

माझी पाळी येते तेव्हा मी वायर आणते, कार्ड टेकवते, निळा ठिपका ओंजळीच्या सावलीत धरून बघते, चार पावले जाते आणि पुन्हा येऊन बघते. बोट पाण्यात नेऊनही स्थिर बसवत नाही. मध्यावर गेले की काठाकडे वळते.

रविवारी शिरूरकडचे एक गिऱ्हाईक अप्पांची बोट बघायला येणार आहे. आज मुलाने ती धुऊन काठावर पालथी घातली. अप्पा तिच्याकडे पाठ करून बसले होते. माझ्याकडे साक्षीदार नाही, नोंद नाही, आहे ती फक्त माझ्या हाताची आठवण. आणि त्यांच्याकडे त्यांच्या गुडघ्याची. रविवारपर्यंत अजून तीन दिवस आहेत. चूक तुमचीच होती आणि हे ऐकायला कोणीच तयार नाही, अशा वेळी तुम्ही ती कशी पटवून दिली असती?