बुधवारची दाढी

माझ्या वडिलांनी आयुष्यात स्वतःची दाढी स्वतः कधीच केली नाही. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर ते पाटकरी होते. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी सोडायचं ते बघायचे. निवृत्तीनंतर आखाडा बाळापूरला घर बांधलं आणि तिथल्या मोठ्या रस्त्यावरच्या सलूनमध्ये दर बुधवारी जाऊन बसायचा नेम धरला. सोमवार औंढ्याच्या नागनाथाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवारी अंगाला लोखंड लावू नये असं त्यांच्या आईने सांगून ठेवलेलं. रविवारी दुकानात पोरांची गर्दी, आणि शुक्रवार त्यांना आवडत नसे. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. उरला बुधवार.

माय गेली ती भर थंडीत. दहाव्याला दादांनी आणि मी, दोघांनीही डोकं केलं. पुढे मी त्यांना माझ्याकडे जर्मनीला घेऊन आलो तेव्हा आम्हा दोघांच्याही डोक्यावर एकाच दिवशी उगवायला लागलेले, एकाच लांबीचे केस होते. त्यांचे पांढरे, माझे निम्मे. तिकीट तीन महिन्यांनंतरच्या परतीचं होतं. नव्या शैक्षणिक वर्षात माझ्या शिक्षिका बहिणीची बदली जवळच्याच डोंगरकड्याला होणार होती आणि ती बाळापूरच्या घरी राहायला येणार होती. तोवर दादांनी त्या घरात एकट्याने राहू नये, एवढंच मला हवं होतं. मायचं लुगडं अजून दोरीवर होतं. ते काढायला आम्हा कुणाचाच हात धजला नव्हता.

दादांनी मात्र पहिल्याच आठवड्यात परत जायची भाषा सुरू केली. कारण विचारलं तर हनुवटीवरून हात फिरवून दाखवला.

“दाढी करायला माणूस न्हाई तिथं मी राहू कसा?”

मी म्हटलं, मी करून देतो. मी एका ग्रंथालयात काम करतो, हाताला कागदाची सवय, साबणाची नाही. दोन ठिकाणी रक्त काढल्यावर दादांनी टॉवेल स्वतःच गळ्यातून काढला आणि म्हणाले की तुझ्या मायला निदान भाजी तरी चिरता येत होती.

खरं तर मलाही तिथे बरा न्हावी कधी मिळाला नव्हता. एकाने किती मिलिमीटर ठेवायचे असं विचारलं आणि मी घाबरून भलताच आकडा सांगितला. दुसरीकडे खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत मुलाखत चालायची, सुट्टीला कुठे जाणार, मग तिथे काय करणार. मला गप्प बसायला आवडतं. शेवटी मी एक मशीन विकत आणलं आणि मागच्या बाजूला स्वतःच्या हाताने असा एक पट्टा काढला की महिनाभर ग्रंथालयात टोपी घालून बसलो. असा माणूस आता वडिलांसाठी न्हावी शोधायला निघाला होता.

आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये आधी वेळ घ्यावी लागे. त्यांनी गुरुवार दिला. दादा म्हणाले, न्हाई. त्यांनी शनिवार दिला. दादा नुसतेच माझ्याकडे बघत राहिले. मग तिथल्या बाईंनी सांगितलं की रविवार-सोमवार दुकान बंद असतं. हे मी मराठीत सांगितलं तेव्हा दादांचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

“सोमवारी बंद ठेवतेत? म्हंजे माणसं धर्माची हायेत.”

इथले न्हावी शनिवारी उशिरापर्यंत काम करतात म्हणून सोमवारी सुट्टी घेतात, हे मला ठाऊक होतं. मी ते सांगितलं नाही. त्या देशाबद्दल दादांचं मत तेवढ्या एका गोष्टीने सुधारलं होतं आणि मला ते तसंच राहू द्यायचं होतं. पण त्या दुकानात वस्तऱ्याने दाढी करत नव्हते. पुढच्या दोन दुकानांतही नव्हते. दादा म्हणाले की येत्या बुधवारपर्यंत बघू, न्हाईतर तिकिटाचं बघ.

तो बुधवार उजाडला. स्टेशनच्या मागच्या रस्त्याने आम्ही नुसतेच चालत होतो. एका अरुंद दुकानासमोर दादा थांबले. आत दोन खुर्च्या होत्या, त्यातली एकच चालू होती. भिंतीला लागून पाच-सहा पुरुष बसले होते. कुणाच्या हातात चहाचा छोटा पेला, कुणी टीव्ही बघत होता, एक जण चक्क झोपला होता.

“हे खरं दुकान,” दादा म्हणाले. “सगळे बसून राहिलेत बघ, आन् एकाचंबी डोकं वाढलेलं न्हाई.”

दुकानदार इराककडचा होता, पन्नाशीचा, पोट सुटलेला. जर्मन त्याला माझ्यापेक्षाही कमी येत असावी. दादांनी आत जाऊन हाताने वस्तरा चालवून दाखवला. तो म्हणाला, “कुर्सी.” दादांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं की जणू वाटेत कुणी पावणाच भेटला. पुढे साबणही निघाला, तोही जवळजवळ आपल्याच नावाने. एकेकाळच्या निजामाच्या मुलुखात उर्दू ऐकत वाढलेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं. आपली मराठी कळत नसेल तर ते त्या माणसाचं काम, अशा थाटात दादा खुर्चीत रेलले आणि बोलायला लागले.

फेस लावून झाल्यावर त्या माणसाने आरशात एकदा दादांच्या डोक्याकडे पाहिलं, एकदा माझ्या. दोन्ही सारखीच. त्याने दोन बोटं जवळ धरून हसत काहीतरी विचारलं. फौजेत होतात का, असंच काहीतरी असावं.

दादा हसले नाहीत. आपल्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, “बायको. मौत.” मग माझ्याकडे बोट केलं. “त्याची माय.”

मौत हा शब्द त्याला कळला. त्याने वस्तरा खाली ठेवला, छातीवर हात ठेवून क्षणभर उभा राहिला, आणि आत जाऊन आम्हा दोघांसाठी चहा घेऊन आला. दादांच्या गालावरचा फेस वाळत चालला होता. त्यांनी तसाच चहा प्यायला. मग त्याने पुन्हा ब्रश फिरवला आणि अगदी सावकाश, कुठेही न लागता दाढी केली. झाल्यावर त्याने कापड झटकलं.

“खलास,” तो म्हणाला.

“खलास,” दादा म्हणाले, आणि माय गेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं.

अडचण पुढेच होती. आमच्याकडे न्हाव्याकडून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय कुणाला शिवत नाही, कशाला हात लावत नाही. बाळापूरला दादा अंगणातच थांबायचे आणि माय बादली आणून ठेवायची. इथे घर पाच थांबे लांब. ट्राममध्ये एका मुलीने उठून जागा दिली, तर दादा दोन्ही हात छातीशी धरून मागे सरकले. दांडीलाही धरेनात. प्रत्येक वळणावर मी त्यांच्याभोवती हात पसरून उभा, पण न शिवता. इमारतीपाशी आल्यावर म्हणाले, सायकली ठेवतात तिथं पाणी आणून दे. फार समजूत घातल्यावर वर यायला तयार झाले. मी पुढे भालदारासारखा एकेक दार उघडत गेलो आणि ते मागून, कोपरं अंगाशी घेऊन, थेट न्हाणीघरात.

खालच्या मजल्यावरच्या आजींनी हे सगळं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी काळजीने विचारलं, वडिलांच्या हाताला काही झालंय का. मी खरं ते सांगितलं. पुढच्या बुधवारी आम्ही परतलो तेव्हा त्या दार उघडून धरून उभ्या होत्या, आणि आम्ही आत येताना भिंतीला पाठ लावून त्यांनी अंग चोरलं. दादा मला म्हणाले, बाई चांगल्या घरची हाय.

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. बुधवारी दाढी, आणि इतर दिवशी ते नुसतेच त्या दुकानात बसायला जाऊ लागले. सिद्धेश्वरचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत का पोचत नाही हे त्यांनी त्या माणसाला सविस्तर समजावलं. तोही त्याच्या भाषेत बराच वेळ काही सांगायचा. दोघांचं एकमत व्हायचं. मी भिंतीला लागून पुस्तक वाचत बसायचो. एका बुधवारी दादांचं आटोपल्यावर त्याने खुर्ची माझ्याकडे फिरवली. काहीही न विचारता माझे केस कापले, आणि ते चांगले झाले.

जायच्या आदल्या दिवशी दादा त्याला म्हणाले, “माझ्या पोरावर ध्यान ठेवा.” शुद्ध मराठीत. त्याने मान हलवली.

तेव्हापासून मी त्याच्याकडेच जातो. बाळापूरच्या सलूनवाल्या काकांना ही बातमी दादांनीच पोचवली, आणि त्यांना चिडवायला थोडी वाढवूनही सांगितली. त्यानंतर कुठल्याही बुधवारी दुकानातून व्हिडिओ कॉल यायचा. डोकं फिरव म्हणायचे. मी ग्रंथालयाच्या जिन्यात उभा राहून डोकं फिरवायचो, आणि तिकडे खुर्चीतून दादा नि त्यांच्या मागे वस्तरा धरलेले काका माझी मान तपासायचे.

“पाटकरी, काम बरं हाय त्याचं,” काका एकदा नाइलाजाने म्हणाले. “पण कल्ले खालीवर झालेत.”

यंदा दादा गेले. झोपेतच गेले, बहीण शेजारच्या खोलीत होती. दहाव्याला नदीकाठी काकांनीच माझं डोकं केलं. त्यांचंही आता वय झालंय, पण कुठे लागलं नाही. अर्ध्या डोक्यावर ते थांबले.

“तिकडच्या आपल्या माणसाला कळवलंस का?”

मी म्हटलं, नाही. त्याचा नंबर माझ्याकडे नाही, आणि असता तरी कुठल्या भाषेत सांगणार.

काकांनी वस्तरा पुसला. “कळवायचं काय त्यात. खुर्चीत जाऊन बस. डोकं बघितलं की समजंल त्याला.”

मग त्यांनी उरलेलं डोकं केलं. कापड झटकलं तेव्हा म्हणाले, “आन् केस आले की पहिलं कटिंग त्याच्याकडूनच कर. फकस्त कल्ले बराबर ठेव म्हणावं.”

मी हसलो. तेही हसले. मग मी उठलो आणि दोन्ही हात छातीशी धरून, कुणाला न शिवता, पाण्याकडे गेलो.