सहाव्या पानावरची वेळ

"पहाटे पाचला घर सोडणारा माणूस एकतर दूधवाला असतो, नाहीतर वेडा," असं मास्तरांची बायको शेजारणींना सांगायची, आणि वर म्हणायची, "आमच्याकडे दूध बाहेरून येतं."

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. रेसकोर्सवर सकाळी घोड्यांचा सराव चाले, तेव्हा ते कुंपणाजवळच्या लाकडी मचाणावर हातात घड्याळ घेऊन उभे राहत. कोणता घोडा किती अंतर किती वेळात धावला हे टिपायचं आणि रेसचं पुस्तक काढणाऱ्या मालकाला द्यायचं, एवढंच काम. शुक्रवारी पुस्तक निघे, शनिवारी शर्यती. पैसे लावणारे लोक घोड्याचं कूळ वाचत, जॉकीचं वजन वाचत, पण शेवटी बोट ठेवत ते मास्तरांच्या वेळेवर. एकतीस वर्षांत त्यांच्या वेळेला कुणी नाव ठेवलं नव्हतं. "मग मास्तर, शनिवारी कोण?" असं विचारलं की ते म्हणत, "मी वेळ देतो, घोडा देत नाही." ते स्वतः पैसे लावत नसत, हे मात्र कुणालाच खरं वाटत नसे.

गेलं वर्षभर त्यांचे डोळे अधू होत चालले होते. "मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता," डॉक्टर म्हणाले होते, "हे नसेचं दुखणं. गेलं ते परत येत नाही. आहे ते थेंब घालून सांभाळा." बायकोला थेंबांपुरतं माहीत होतं, बाकी कुणाला तेवढंही नाही. घड्याळाचा काटा नाकाशी धरला की दिसायचा. घोडे मात्र आता त्यांना नुसत्या आकारांसारखे दिसत. पण ओळखीचा माणूस पाठमोरा असला तरी चालीवरून कळतोच की. मास्तरांना प्रत्येक घोड्याची मान, उडी, खुरांचा ताल पाठ होता. त्यावर त्यांनी वर्ष रेटलं, आणि रोज घरी येताना ओझं वाहून आणल्यासारखे ते दमलेले असत.

त्या गुरुवारी एक तांबूस घोडा समोरून गेला. वाटेतला दगड बाजूला सारावा तसा तो पुढचा उजवा पाय बाहेर फेकत होता. असा पाय फेकणारा घोडा तिथे एकच होता. त्याला सगळे थोरला म्हणत. मास्तरांनी लिहिलं: थोरला, हजार मीटर, एक मिनिट तीन सेकंद, तेही लगाम आवळून. पुस्तकाच्या सहाव्या पानावर ते ठळक छापून आलं.

शनिवारी सकाळी तबेल्याबाहेरच्या नळावर नालबंद भेटला.

"काका, थोरल्याची वेळ कुठून पैदा केलीत? बुधवारी मी त्याच्या खुरातून हा एवढा खिळा काढला. आज पहिल्यांदा बाहेर येतोय तो."

"मग धावणार कशाला?"

"घोड्याच्या मालकाची हौस. पाहुणे बोलावलेत."

"आणि गुरुवारी जो धावला तो?"

"त्याचा धाकटा भाऊ. नवीन आलाय. एकाच आईची पोरं, हाही तसाच पाय फेकतो. पण धाकट्याचे मागचे दोन्ही पाय पांढरेशुभ्र आहेत हो! आंधळ्यालासुद्धा दिसतील." आणि नालबंद मनमोकळं हसला.

मास्तर नळाच्या कट्ट्यावर बसले. मग त्यांनी पुस्तकाच्या मालकाला फोन लावला.

"सगळ्या प्रती बाजारात गेल्यात मास्तर. दुरुस्ती छापू की, पुढच्या शुक्रवारी."

"पुढच्या शुक्रवारी काय उपयोग? लोक आज पैसे लावणार."

"हरला तर घोडा हरेल. घड्याळ हरलं असं कुणी म्हणतं का? घरी जा, झोप काढा."

झोप काढायची इच्छा तर होतीच. पण दुपारी एक वाजता मास्तर रेसकोर्सच्या गेटवर, पुस्तकं विकणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "थोरल्यावर लावू नका. सहाव्या पानावरची वेळ चुकली आहे."

पहिल्या दोघातिघांनी नुसतं बघितलं. चौथा ओरडला, "अरे ऐकलं का? मास्तर बोलले!"

"काय म्हणाले?"

"थोरला नको म्हणतात."

"म्हणजे थोरलाच! एकतीस वर्षं तोंडाला कुलूप, आणि आज गेटवर उभं राहून नको नको? आपण नाही लावलं की भाव चढेल, जिंकला तर रुपयामागे जास्त मिळतील, मग हे लावतील. साधा हिशोब आहे."

बघता बघता गर्दी पैसे लावायच्या खिडक्यांकडे पळाली. चारास एक असलेला थोरल्याचा भाव घसरून अडीचवर आला. जितकं नाही म्हणावं तितके लोक जास्त लावत होते.

एवढ्यात मेव्हणा आला. बस चालवायचा, सुट्टीचा शनिवार सोडायचा नाही. दोन महिन्यांचा ओव्हरटाइम त्याच्या खिशात होता.

"भाऊजी, घरच्या माणसाला तरी खरं सांगा. तुम्ही किती लावलेत?"

"एक पैसा नाही."

"ताईलाही हेच सांगता. बरं, चुकली कशी ते सांगा. तुमची वेळ चुकते होय?"

भोवती पाचपंचवीस माणसं जमली होती. घड्याळ बिघडलं होतं, असं म्हणायला जिभेवर आलं. लोकांनी मानलंही असतं, नोकरीही राहिली असती. पण घड्याळ बिचारं बरोबर होतं.

"वेळ चुकली नाही," मास्तर म्हणाले. "घोडा चुकला. तो थोरला नव्हता, त्याचा धाकटा भाऊ होता. धाकट्याचे पांढरे पाय मला दिसले नाहीत. वर्ष झालं, मला नीट दिसत नाही."

कुणी हसलं नाही. असं सांगून भाव चढवायला कोण जातो? मेव्हण्याने पैसे परत खिशात घातले. मागून एक पोक्त गृहस्थ पुढे आले, पुस्तक उघडून त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि बाकीच्या वेळा? त्या तरी खऱ्या?"

मास्तरांनी बराच विचार केला. "माहीत नाही," ते म्हणाले. "वर्षभरातलं कुठलंच आता छातीठोक सांगता येणार नाही."

गृहस्थांनी पुस्तक मिटलं आणि विकणाऱ्याच्या ढिगावर परत ठेवलं. त्यांचं बघून आणखी दोघांनी ठेवलं. थोड्याच वेळात पुस्तकाच्या मालकाचा फोन आला. तो रागावला नाही, ओरडलाही नाही. "सोमवारपासून दुसऱ्याला पाठवतो," म्हणाला आणि ठेवून दिला.

मेव्हण्याने त्यांना हाताला धरून वरच्या बाकावर नेलं. शर्यत सुटली. समोर मास्तरांना रंगांचा एक पुंजका सरकताना दिसला, बाकी नुसता आरडाओरडा.

"थोरला कुठे आहे?"

"मागे. अजून मागे. भरलेली बस चढावर काढावी तसा काढतोय जॉकी, पण जीवच नाही हो त्याच्यात." मग मेव्हणा खाली बसला. "शेवटून दुसरा."

"लंगडला तर नाही ना?"

"नाही. चालतोय सरळ."

"मग ठीक."

खालच्या रांगेतली माणसं तिकिटं फाडत, एकमेकांना शिव्या घालत उठू लागली.

"ताईला डोळ्यांचं सांगितलंय?" मेव्हण्याने विचारलं.

"थेंबांचं सांगितलंय."

"आज सांगा. मी येतो बरोबर. चला, निघू या."

"थांब जरा," मास्तर म्हणाले. "पायऱ्या मोकळ्या होऊ देत."