ताईचं इन्सुलिन आणि क्वांटमचे सर

ताईने इन्सुलिन बंद केल्याचं मला तिच्या पायाचा अंगठा काळा पडल्यावर कळलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, बिबवेवाडीत राहते. दर रविवारी सकाळी घराजवळच्या एका हॉलमध्ये व्याख्यानाला जायची. तिथले सर सांगायचे की आपण पाहतो तसंच वास्तव घडतं, हे क्वांटम विज्ञानाने सिद्ध केलंय; साखर मोजणं म्हणजे साखर घडवणं. ताईने आधी मोजणं सोडलं, मग इंजेक्शन.

अंगठा काढावा लागला. तिची मुलगी वाघोलीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. हॉस्पिटलच्या बाकावर मी तिच्यावरच चिडले. तुझ्या विषयात असलं काही खरंच आहे का, म्हणून विचारलं.

ती म्हणाली, "मावशी, अणूंच्या जगात एखाद्या मोजमापाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि जोडीला दुसरं काय मोजलं याचा त्याच्याशी संबंध नसतो, असं धरलं तर गणित जुळत नाही. एवढं खरं. पण कुठलं उत्तर यावं, हे मोजणाऱ्याच्या हातात नसतं. आणि आईचा पाय म्हणजे अणू नाही."

मला अर्धंच समजलं. हे आईला का नाही सांगितलंस, विचारलं. दोनदा सांगितलं होतं. त्यावर ताईचं उत्तर होतं, तू पुस्तकातलं शिकवतेस, सर पलीकडचं सांगतात.

पुढच्या रविवारी विश्रांतवाडीहून दोन बस बदलून मी त्या हॉलवर गेले. प्रश्नांची वेळ आल्यावर उभी राहिले. माझ्या बहिणीने सहा महिने साखर पाहिलीच नव्हती, मग अंगठा कोणी पाहिल्यामुळे सडला, असं विचारलं. सर शांतपणे हसले. तुमच्या बहिणीच्या मनात कुठेतरी शंका राहिली असेल, म्हणाले.

म्हणजे चूकही तिचीच.

"आपण चष्मा कशासाठी लावता?" मी म्हटलं. "पाहाल तसं घडतं ना?"

मागे कोणीतरी हसलं. मला हसू येत नव्हतं. सरांनी मला बसायला सांगितलं, मी बाहेर पडले. जिन्यात एक बाई मागोमाग आल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, ब्लडप्रेशरची गोळी पुन्हा सुरू करू का? आजच डॉक्टरांकडे जा, मी म्हटलं, आणि त्या जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

ताईला हे कळलं तेव्हा ती माझ्यावर संतापली. चारचौघांत तिचा तमाशा केला म्हणे. आता इन्सुलिन घेते, मुलगी स्वतः टोचते. पण सर बोलतात छान, हे अजूनही ऐकवते. भाचीने उमेदीची वर्षं घालून जे समजून घेतलं, त्यातला एक शब्द उचलून त्या माणसाने माझ्या बहिणीचा पाय अधू केला. तो वर्ग अजून भरतो. माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.