आबांची बाज

जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं, तेव्हा उन्हाळाभर आम्ही कऱ्हाटीच्या रानात राहायला गेलो. वर पत्रे आणि भोवती हिरवी जाळी, अशी दोन शेडं शेजारी शेजारी: एक माझं, एक धाकट्या जावेचं. मी थोरली, म्हणून विजेच्या खांबाजवळचं हक्कानं घेतलं आणि बारामतीहून कूलर आणला. आमचे सासरे, आबा, पत्र्याकडं बघत म्हणाले, "वर पाचट टाकलं तर..."

"आबा, तुमी निवांत बसा. कूलर आणलाय न्हवं," मी म्हटलं.

सकाळी अकराला लाइट गेली की चारशिवाय यायची नाही. कूलर नुसता उभा. धाकटीनं मात्र पत्र्यावर उसाचं पाचट हातभर जाड पसरलं, जाळीला ओली पोती टांगली, माठ ओल्या वाळूत पुरला. ती सुप्याच्या कोरडवाहू भागातली, मी इंदापूरची, कॅनॉलकाठची. गारव्यातलं हिला काय कळणार, असं मी मनात म्हणत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी आबांनी आपली बाज उचलली आणि तिच्याकडं नेऊन टाकली.

माझा नुसता जळफळाट झाला. बारा वर्षं त्यांना गरम भाकरी वाढली, आणि ही दोन वर्षांची सून पोती टांगून त्यांना घेऊन गेली! तिच्या शेडातून दोघांचं हसणं ऐकू आलं की मी भांडी मुद्दाम आपटायची.

एकदा ती बाजाराला गेली. मी घाईघाईनं पाचट चढवलं, चारी बाजूंनी ओली पोती लावली, ताक घुसळलं आणि आबांना बोलावलं. बिचारे बाज घेऊन आले. अर्ध्या तासात आत भाताच्या पातेल्यासारखी वाफ कोंडली. आबा उपरण्यानं सारखी मान पुसत होते.

मलाच राहवेना. "तिच्याकडंच बरं वाटतंय, व्हय आबा?"

"तसं न्हाय पोरी. चारी बाजू कोंडल्यास, वारं यील कुठनं? मावळतीला ओलं पोतं लावायचं, उगवतीची बाजू मोकळी ठिवायची. मेंढरामागं हिंडायचो तवा आमी असंच ऱ्हायचो."

मेंढरं विकून ऊस लावला त्याला जमाना झाला. आबांचं अर्धं आयुष्य उघड्या माळावर गेलं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

"म्हंजी पाचट, पोती, माठ... तिला हे सगळं तुमी सांगितलं?"

"तिनं इचारलं," आबा म्हणाले.

मी उठून उगवतीचं पोतं काढलं. वारं आत आलं, आबांचा डोळा लागला. त्यांच्या उशाशी बसून मी आठवत राहिले. बारा वर्षांत मी त्यांना 'जेवला का' याच्यापुढं काही विचारलंच नव्हतं.

धाकटीवर मी अजून जळते. एवढं साधं विचारायचं तिला रानातल्या पहिल्याच आठवड्यात सुचलं.