आम्ही दोघांनी केलेला लोडर

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ट्रॅक्टरवरच होते. पुढच्या बकेटमध्ये शेण भरलेलं, बकेट ट्रॉलीच्या उंचीला उचललेली, आणि कमरेच्या पिशवीत फोन वाजत होता. भाच्याचं नाव दिसलं आणि कळलंच. तरी मी आधी बकेट खाली घेतली, जमिनीला टेकवली, इंजिन बंद केलं आणि मग फोन कानाला लावला. बकेट वर ठेवून खाली उतरायचं नाही, हे अण्णानंच माझ्या अंगात मुरवलं होतं. "आत्या, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. मी "निघते" म्हणाले आणि कितीतरी वेळ तशीच सीटवर बसून राहिले... म्हशी दावणीतून माझ्याकडे बघत होत्या.

चौदाव्यानंतर लातूरला त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शोकसभा घेतली. आयटीआयमध्ये त्यानं आयुष्यभर फिटरचं काम शिकवलं, त्यामुळे हॉल भरला होता. जो उठला तो लोडरविषयी बोलला. बहिणीचे कष्ट बघवेनात म्हणून एकट्याच्या डोक्यानं, एकट्याच्या हातानं छोट्या ट्रॅक्टरला पुढून शेण उचलणारा लोडर बसवून देणारा भाऊ... मी पुढच्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन बसले होते. माझ्याकडे बघून बायका डोळे पुसत होत्या. सभा संपल्यावर वर्तमानपत्राच्या पुरवणीचं काम बघणारे एक गृहस्थ म्हणाले, "ताई, तुम्ही लिहा. तुमच्यासाठीच तर केलं त्यांनी ते." म्हणून लिहिते आहे. माझा भाऊ फार चांगला माणूस होता, आणि त्यानं मला दगा दिला. दोन्ही लिहिल्याशिवाय मला लिहिताच येणार नाही.

आमचं गाव अहमदपूरच्या अलीकडे. दहावीनंतर मला घरी बसवायचं असं बाबांनी ठरवलं होतं. अण्णा तेव्हा नुकताच कामाला लागला होता, घरात त्याच्या शब्दाला वजन यायला लागलं होतं. तो जेवता जेवता म्हणाला, "ती शिकंल. फाट्यापर्यंत मी सोडत जाईन तिला." आणि खरंच, बी.ए. होईपर्यंत तो मला सकाळी सायकलवर डबलसीट फाट्याला सोडायचा, एसटी येईपर्यंत थांबायचा. मुलीनं पान्याला हात लावला तर आई ओरडायची, पण अण्णा सायकलची चेन चढवायला मुद्दाम मलाच सांगायचा. हात काळे झाले की हसायचा. आमच्या घरात माझ्यासाठी जी काही दारं उघडली, ती त्यानं उघडली. हे आधी सांगते, कारण पुढचं त्यामुळेच जास्त लागलं.

लग्नानंतर मी रेणापूरजवळच्या गावी आले. यजमान नांदेडच्या शाळेत शिक्षक, शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. शेत आणि म्हशी माझ्याकडे. उसाच्या सरीतून चालावा म्हणून आम्ही एक छोटा ट्रॅक्टर जुन्यात घेतला होता. बाकी सगळं त्याच्यावर व्हायचं, पण शेण मात्र घमेल्यानंच भरावं लागायचं. वाकायचं, भरायचं, खांद्यावर घ्यायचं, ट्रॉलीत टाकायचं. एका पावसाळ्यात उजवा खांदा इतका धरला की केस विंचरायला हात वर जाईना. अण्णा तेव्हा रिटायर होऊन घरी बसला होता. मला बघायला म्हणून आला, अंगणातल्या खाटेवर बसून माझं घमेलं भरणं बघत राहिला आणि म्हणाला, "सुमे, हे काम न्हाई, ही सजा हाय. ह्या ट्रॅक्टरलाच पुढं लोडर लावू आपण."

मोठ्या ट्रॅक्टरला तयार लोडर मिळतात. आमच्या ट्रॅक्टरएवढ्याला कुणी द्यायला तयार नव्हतं. म्हणायचे, पुढचा अॅक्सल मोडेल. अण्णानं भंगारातून चौकोनी पाईप आणले, ट्रॉली उलटायला असतात तसले दोन लहान जॅक शोधून आणले आणि आमच्या गोठ्यामागच्या पत्र्याखाली कारखाना मांडला. आठवड्यातले दोन-तीन दिवस तो लातूरहून यायचा. पहिल्याच दिवशी त्यानं वेल्डिंगचा होल्डर माझ्या हातात दिला. माझी रॉड सारखी लोखंडाला चिकटायची. तो म्हणायचा, "दाबू नको. नुसतं टेकव अन् सरक. शेवया वळतीस तसं." महिनाभरात माझा जोड त्याच्या जोडाशेजारी ठेवला तर वेगळा ओळखू येईना. बकेटचा आकार काही केल्या जमत नव्हता. पत्रा वाया जायची भीती. मी जुन्या वर्तमानपत्रावर ब्लाउज बेतावा तसा बकेटच्या बाजूचा कागद बेतला, कापला, घडी घालून उभा करून दाखवला. अण्णा त्या कागदाच्या बकेटकडे बघून म्हणाला, "आमच्या पोरांना हे कुणी शिकिवलं न्हाई बघ." त्या दिवसांत मी जितकी खूश होते तितकी त्याआधी कधी होते, आठवत नाही.

पहिल्यांदा उचलून बघायचा दिवस आला. मी सीटवर, अण्णा बाजूला उभा. बकेट शेणात घातली, लिव्हर ओढला, बकेट उचलली गेली... आणि तिच्याबरोबर ट्रॅक्टरची मागची चाकंही उचलली गेली. मी घोड्यावर बसल्यासारखी पुढं कलले. "सोड, सोड, खाली घे!" अण्णा ओरडला. चाकं टेकली, तशी मी इंजिन बंद केलं. तो खाटेवर जाऊन बसला. मग म्हणाला, "जमायचं न्हाई. ट्रॅक्टरच हलका हाय." पुढचे काही दिवस तो आलाच नाही. फोन केला की वहिनी म्हणायच्या, "पडून राहायलेत. बोलतच न्हाईत कुणाला."

मला बैलगाडी आठवली. बाबा पोती भरताना सांगायचे, पुढं जड झालं की बैलाच्या मानेवर येतं, मागं जड झालं की गाडी उलाळते, पुढून वर उचलली जाते. आम्हा दोघा भावंडांना ते याच कामाला वापरायचे. गाडी मानेवर आली की आम्हाला पुढून उठवून मागं बसवायचे. आमचा ट्रॅक्टर पुढं जड होत होता, म्हणजे मागं कुणीतरी बसायला हवं होतं. जिथं नांगर अडकवतो तिथं अडकेल अशी लोखंडी पेटी मी एकटीनं केली. कापली, जोडली, आत काळे दगड आणि वाळू भरली, वरून सिमेंट ओतलं. सिमेंट वाळल्यावर अण्णाला फोन केला, "ये. उचलून दाखवते." तो आला. मी पेटी अडकवली, बकेट भरली, उचलली. मागची चाकं जागची हलली नाहीत. शेण ट्रॉलीत पडलं. अण्णानं पेटीभोवती एक चक्कर मारली, तिच्या जोडांवरून बोट फिरवलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तोंडानं काही बोलला नाही. मला वाटलं, बोलायची गरजच काय.

त्या हिवाळ्यात नांदेडला कृषी प्रदर्शन होतं. अण्णाच्या एका विद्यार्थ्यानं नाव दिलं, टेम्पोत घालून ट्रॅक्टर नेला. गर्दी इतकी झाली की दोरी लावावी लागली. संध्याकाळी त्याला स्टेजवर बोलावलं, शाल घातली. मी यजमानांबरोबर खाली खुर्चीत बसले होते, नवी साडी नेसून. सांगायला लाज वाटते, पण मला वाटलं होतं की तो मला वर बोलावेल. तो छान बोलला. कागदावर बेतून बकेट कशी केली ते सांगितलं. मागची चाकं उचलली गेली ते सांगितलं. मग म्हणाला, "तेव्हा माझ्या डोक्यात बैलगाडी आली." बैलगाडीतल्या बाबांची गोष्टही सांगितली, फक्त गाडीत तो एकटा होता. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं विचारलं, "सर, ज्यांच्यासाठी केलं त्या ताईंनी काय मदत केली?" अण्णा हसला. म्हणाला, "चहापाणी तिच्याकडं होतं. दर तासाला चहा!" सगळा मांडव हसला. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मीही हसले... माणसं हसत असली की आपणही हसतो.

यजमान नांदेडलाच राहिले. परतताना टेम्पोत पुढं मी आणि अण्णा, मधे त्याची शाल घडी करून ठेवलेली. नांदेड मागं पडलं. मग विचारलं, "अण्णा, पेटी कुणी केली?"

"घरचीच हाय की. तू काय अन् मी काय, येगळे हाव का?"

"मग माझं नाव घ्यायला काय झालं?"

तो काचेतून बाहेर बघत राहिला. "कुणाला खरं वाटलं असतं, सुमे?"

"तुला तर वाटलं असतं. तू बघितलंस."

"खामखा वाढवू नको. तुझ्यासाठीच केलंय ना सगळं?"

खांदा माझा, म्हशी माझ्या, ट्रॅक्टर माझा. केलं माझ्यासाठीच होतं. मला त्यातला फक्त माझा वाटा हवा होता. आयटीआयमधल्या सगळ्या वर्षांत त्याला कुणी स्टेजवर बोलावलं नव्हतं, त्याच्या मागून आलेले पुढं गेले, हे मला ठाऊक होतं. म्हातारपणी एकदा टाळ्या मिळाल्या आणि त्या वाटून घ्यायचं त्याच्या जिवावर आलं, हेही कळत होतं. पण ज्या माणसानं मला फाट्यापर्यंत पोचवलं, त्यानंच मला लोकांपुढं चुलीपाशी नेऊन बसवलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी विसरून गेले असते.

नंतर तो येत राहिला. भाऊबीजेला ओवाळून घ्यायचा, जेवायचा, मग गोठ्यामागं जाऊन लोडरच्या पिनांना ग्रीस भरायचा. मी दारातून बघत असायचे. प्रत्येक वेळी वाटायचं, आज म्हणेल की पेटी तुझी होती. तो हात पुसत यायचा आणि विचारायचा, "दूध किती निघायलंय?" मी सांगायचे. प्रदर्शनाच्या बातमीत त्याचं नाव छापून आलेलं कात्रण त्यानं फ्रेम करून बैठकीत लावलं होतं, म्हणून लातूरला गेले की मी सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. वहिनींना सगळं माहीत होतं. त्या एकदाच म्हणाल्या, "त्यांना सांगता येत न्हाई हो, वन्सं." मी म्हटलं, "स्टेजवर तर चांगलं सांगता आलं."

शेवटी तो दवाखान्यात होता तेव्हा मी दोन दिवस त्याच्याजवळ राहिले. बोलायला त्रास व्हायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यानं खुणेनं मला जवळ बोलावलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता येणार असं वाटून मी त्याच्या तोंडाशी कान नेला. तो अडखळत म्हणाला, "सुमे... पेटी लावल्याबिगर... उचलू नको."

मी "हाव" म्हणाले. त्यानं डोळे मिटले. माझीच पेटी तो मला समजावून सांगत होता. मरतानाही त्याला ती त्याचीच वाटत होती, की मला काही होऊ नये एवढीच फिकीर होती? की माफी मागायला त्याच्याकडं दुसरे शब्दच उरले नव्हते? मी तिन्ही गोष्टी आळीपाळीनं मानून बघते. कुठलीच टिकत नाही. तो उत्तर न देता गेला, हा त्यानं माझ्याशी केलेला दुसरा दगा.

शोकसभेनंतर वहिनींनी त्याचा वेल्डिंगचा टोप मला दिला. डोक्यात घालायचा, तोंडापुढं काळी काच येते तो. घरी आणून मी खुंटीला अडकवला. परवा बकेटच्या कडेचा एक जोड फुटला, तेव्हा काढला. आतला पट्टा अण्णाच्या डोक्याच्या मापाचा; माझ्या डोक्यावरून तो नाकापर्यंत घसरतो. मागची चकती फिरवली की पट्टा आवळता येतो. मी चकतीला हात लावला आणि काढून घेतला; माप त्याचंच राहू दिलं. टॉवेल डोक्याला घट्ट गुंडाळला, त्यावर टोप घातला. आत त्याच्या घामाचा, जळक्या चामड्याचा वास अजून होता. काच खाली घेतली की सगळा अंधार होतो, गोठा दिसत नाही, हात दिसत नाही. त्या अंधारात मी मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, मी अजून रागावलेली हाय तुझ्यावर." मग रॉड टेकवली आणि सरकवत गेले.