माझ्या ग्रहाची पाळी

पलूसला आमच्या उसाला पाणी पाळीनं मिळतं. दुसऱ्याची पाळी हवी असेल तर आधी त्याच्या बांधावर जायचं, चहा प्यायचा आणि तोंडानं मागायचं. नाही म्हणाला तर परत फिरायचं. अंतराळातली दुर्बीणही पाळीनंच चालते असं मी वडिलांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग लय सोपं हाय की."

सोपं कसलं! तिला सूर्याकडे पाठ ठेवूनच बघावं लागतं, म्हणून आकाशाचा एकेक भाग ठरावीक महिन्यांतच दिसतो. जगभरातून अर्ज येतात, बहुतेक नाकारले जातात. माझा मंजूर झाला. माझा ग्रह, म्हणजे मी अभ्यासतो तो, त्याच्या ताऱ्यासमोरून दुर्बिणीला दिसेल असा दोन-तीन वर्षांतून एकदाच सरकतो आणि तेव्हाच त्याची हवा तपासता येते. ती नेमकी वेळ माझ्याबरोबर बसून गणितानं काढली खंडाळ्याच्या माझ्या मित्रानं. पुण्यात आम्ही एका खोलीत काम करायचो, एकाच डब्यातलं खायचो. माझी नोकरी त्या निरीक्षणावर टिकणार होती, हे त्याला ठाऊक होतं.

निरीक्षण पार पडल्याची बातमी घरच्यांबरोबर ऐकायची म्हणून मी गावी आलो होतो. आदल्या दिवशी वेळापत्रक आखणाऱ्यांचा ईमेल आला, तातडीच्या कामामुळे माझं निरीक्षण काढलं होतं. कुठेतरी तारा फुटला होता. असं झालं की आखलेलं बाजूला सारतात, तो नियमच आहे. मी मुकाट गिळलं असतं. पण मागणी माझ्या मित्राची निघाली. तो तारा आठवडाभर तरी चांगला दिसणार होता. 'लगेच हवं' हे त्यानं स्वतः लिहून दिलं होतं.

मी फोन लावला. "चार दिस थांबला असतास तर काय बिघडलं असतं रं?"

"दुसऱ्या कुणी आदी बघितलं असतं, गड्या."

"मग मला सांगायचं तरी!"

"तू न्हाई म्हणाला असतास."

मी फोन कापला. इतका राग मला कधी आला नव्हता.

बाहेर शेजारचा शेतकरी वडिलांकडे पाण्याची पाळी मागत होता. "आवं, औंदा न्हाई जमायचं, आमचाबी ऊस वाळतोय," वडील म्हणाले. तो "बरं" म्हणाला, चहा संपवला आणि गेला. दुसऱ्या दिवशी दोघं पारावर तंबाखू मळत बसले होते.

मित्राचं खरं होतं, मी नाहीच म्हणालो असतो. पण मग आम्ही अजून एकाच डब्यातलं खात असतो.