इंदूरला गेलेली टीम

नाशिकची फुटबॉल टीम कायमची इंदूरला जाणार अशी बातमी उठली, तेव्हा लोकांनी मालकाला काही विचारलं नाही. मालक भेटतो कुणाला? लोकांनी गाठलं टीमच्या बसच्या ड्रायव्हरला, इब्राहिम पठाणला. गाडी कुठं जाणार हे ड्रायव्हरला नाही ठाऊक तर कुणाला, असा त्यांचा सरळ हिशेब.

इब्राहिम मूळचा येवल्याचा. सगळी नोकरी एसटीत गेली. निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून क्लबच्या बसवर लागला. तोवर त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सामन्याच्या दिवशी निळे झेंडे घेऊन पोरं बसपुढं नाचायची आणि त्यांच्यातून वाट काढत तो गाडी मैदानात न्यायचा, तेव्हा त्याची छाती फुगायची. एसटीत त्याची गाडी आल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नव्हता. उशिरा आली म्हणून शिव्या मात्र भरपूर. हरून परतताना खेळाडू मुके झाले, की तो एखाद्या ढाब्यावर गाडी उभी करून म्हणायचा, "राग पोटावर काढू नका रे, जेवून घ्या." गावाकडं गेला तरी बोलताना टीमला 'आमची' असंच म्हणायचा.

मैदानाच्या फाटकाबाहेर सहादूची चहाची टपरी होती. सहादू निफाडकडचा. त्याचा भाऊ द्राक्षबागेत भागीदार म्हणून बोलवत होता, आणि इकडं टपरीशेजारचा गाळा रिकामा झाला होता. बातमी ऐकून तो कात्रीत सापडला.

"इब्राहिमभाई, टीम ऱ्हाणार असंल तर गाळा घेतो," तो म्हणाला. "नायतर भावाकडं जातो. तो काय माझ्यासाठी लय थांबायचा नाय. तुमी सांगाल ते खरं."

"मी विचारून सांगतो," इब्राहिम म्हणाला.

टीमची मॅनेजर चैताली. पोरगी हुशार, बोलायला गोड. तिनं लॅपटॉपवरून मान वर केली.

"चाचा, काहीच ठरलेलं नाही. इंदूरचे लोक भेटून गेले, बस. आपण कशाला नाशिक सोडू? उलट लोक तुमचं ऐकतात, तुम्हीच सांगा ना त्यांना. सीझन संपेपर्यंत गोंधळ नको."

लोक तुमचं ऐकतात. हे इब्राहिमला फार आवडलं. तो सांगत सुटला. मैदानात, जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीबाहेर, भाजीबाजारात, विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही. "टीम कुठं जात नाही. माझा शब्द." सहादूला तर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बिनधास्त घे गाळा."

घरी सुरय्या, त्याची बायको, एवढंच म्हणाली, "तुम्ही ड्रायव्हर. मालकाचं बोलणं तुमच्या तोंडात कशाला?"

त्यानं ते कानाआड केलं.

सीझन संपला आणि इंदूरला एक मैत्रीचा सामना ठरला. टीम घेऊन इब्राहिम निघाला. धुळं गेलं, सेंधव्याचा घाट गेला. इंदुरात स्टेडियमच्या रस्त्याला लागला आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठे फलक. त्यांवर त्याचीच पोरं, अंगात केशरी जर्सी. खाली लिहिलेलं: अपना इंदौर, अपनी टीम.

हे फोटो काही वाटेत काढलेले नव्हते. त्यानं आरशातून मागं पाहिलं. सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये. जुन्या नाशकातला उमर, टीममधला एकटाच नाशिकचा पोरगा, पहिल्याच सीटवर होता.

"तुला ठाऊक होतं?"

"महिना झाला, चाचा. सांगायचं नाही अशी सही घेतली होती."

"मलासुद्धा?"

"तुम्ही विचारलंच कुठं? तुम्हीच तर सगळ्यांना सांगत होता, टीम राहणार म्हणून." उमर खिडकीकडं वळला. "मला वाटलं, तुम्हालाही तसंच सांगायला लावलंय."

गाडी स्टेडियमच्या फाटकाशी आली. आत बँड वाजत होता. चैताली बसच्या दारापाशी आली. "चाचा, गाडी थेट स्टेजपाशी घ्या."

इब्राहिमनं फाटकाबाहेरच इंजिन बंद केलं. "उतरा इथंच."

पोरं आपापल्या बॅगा घेऊन चालत गेली. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. गाडी इथंच राहणार, इथला ड्रायव्हर ठरलाय, तुमचं परतीचं तिकीट काढलंय, असं चैतालीनं हळू आवाजात सांगितलं. त्यानं किल्ली तिच्या हातात ठेवली.

"मला गाडी चालवायला ठेवलं होतं, बेटा. थापा मारायला दुसरा माणूस बघायचा होता."

"माझ्या हातात काय होतं, चाचा?"

"हातात नसेल. तोंडात जीभ होती."

नाशिकला उतरल्यावर तो घरी न जाता थेट सहादूकडं गेला. नव्या गाळ्यात नवी बाकडी मांडलेली. गिऱ्हाईक नव्हतं. बातमी त्याच्या आधीच पोचली होती.

"सहादू, अल्लाशपथ, मला ठाऊक नव्हतं."

सहादू बाकडं पुसत राहिला. मग म्हणाला, "तेच तर म्हणतो मी. ठाऊक नव्हतं तर शब्द कशापायी दिला? 'मला ठाऊक नाय' एवढं म्हणला असता, तर मी माझं बघितलं असतं."

इब्राहिम उभाच होता. 'बसा' असं सहादू म्हणाला नाही.

दिवाळीच्या आतच सहादूला गाळा सोडावा लागला. भावानं तोवर दुसरा भागीदार घेतला होता. ज्या बागेत मालक म्हणून उभं राहायचं, तिथं सहादू आता रोजानं छाटणी करतो, असं इब्राहिमच्या कानावर आलं. मैदानावर कधी लग्नं लागतात, कधी सेल भरतो. इब्राहिम तिकडून जायचं टाळतो.

एका संध्याकाळी सुरय्यानं मोबाईल त्याच्यापुढं धरला. "उमरनं गोल केला म्हणे." केशरी जर्सीतला उमर डावीकडून सुसाट निघाला होता. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, आणि इब्राहिमच्या तोंडून निघून गेलं, "मार, बेटा."

चेंडू जाळ्यात गेला. इंदूरचं मैदान उसळलं. इब्राहिमनं मोबाईल उलटा करून ठेवला. त्या रात्री तो जेवला नाही, आणि सुरय्यानंही आग्रह केला नाही.